आईच्या हातात लाल काहीतरी

२० ऑक्टोबर

आईचं खुब्याचं हाड मोडलं, म्हणून मी सहा आठवड्यांसाठी गुर्टीनला, गावच्या घरी आले, असं मी डब्लिनमध्ये सगळ्यांना सांगितलंय. ते खरंच आहे. पण दुसरंही एक खरं आहे, ते इथं लिहून ठेवते. पुस्तक अडलंय. चाळीस कविता झाल्या, चाळीसही याच घरावरच्या. पिठाच्या पोत्यांच्या चादरी, तीनदा उकळलेली चहाची पूड, एकच बुटांचा जोड पाळीपाळीनं घालून चर्चमध्ये मिसाला जाणं. छप्पन्न वर्षांची घोडी झाले, अजून भुकेचंच रडगाणं गातेय. माझा मलाच वीट आलाय.

फिडेल्मा, माझी संपादक, फोनवर म्हणाली, "बाई गं, वाचणाऱ्याला एक घोट तरी दे. सगळ्या पुस्तकात एकच कविता आहे जिच्यात कोणी कोणाला काहीतरी देतं. ती लाल कोटाची. ती शेवटी ठेवू. नीट करून पंधरा नोव्हेंबरला पाठव. तिच्याशिवाय मी हे पुस्तक छापायची नाही."

तिचं खरं आहे. माझ्याकडं लहानपणाची सुखाची आठवण ती एकच. मी बिछान्यात आहे, आई दारातून आत येते, तिच्या हातात लाल काहीतरी आहे, आणि ते माझ्यासाठी आहे. फक्त माझ्यासाठी. आमच्या घरात काहीच फक्त कोणासाठी नसायचं.

दार उघडलं, आधी पाऊस आत आला,
मग आई.
तिच्या रुमालाच्या मधोमध पाण्याचं तळं,
वर केलेल्या हातात लाल कोट.
एवढ्या घरात पहिल्यांदाच लाल काही,
आणि ते माझं.

फिडेल्माला एकच शंका आहे. "पोर बिछान्यात पडलीये ना? मग तिला आईच्या डोक्यावरच्या रुमालाची मधली बाजू कशी दिसते? छताला टांगलंयस काय तिला?" मी म्हटलं, लहानपणच्या आठवणींना वर-खाली नसतं. उत्तर बरं जमलं, पण फोन ठेवल्यावर मीही विचारात पडले. मला ते तळं वरूनच आठवतं.

झोपायला माझी जुनीच खोली. अजूनही मी कडेलाच झोपते, भिंतीकडची बाजू सोडून. ती बाजू पहिल्यापासून गार. ओल असेल.

२३ ऑक्टोबर

हॅनी आली, कोबी आणि बेकन घेऊन. माझी थोरली बहीण, एकोणसत्तरची. तीस वर्षं कोव्हेंट्रीत कारखान्याच्या कँटीनमध्ये काढली, आता नवरा वारल्यावर इकडं परत येऊन आईचं सगळं तीच बघते. तिच्यासमोर मी पाहुणी. भांडी पुसायचा अधिकारसुद्धा मला मागून घ्यावा लागतो.

"लक्तरं वेशीवर टांगून झाली का आमची?" ती म्हणाली.

"लक्तरं नाहीत गं, चादरी आहेत."

"त्याच त्या. गिरणीच्या नावासकट छापल्यास त्या मासिकात. दुकानात ती नोनी मला विचारते, हॅनी, तुमच्या अंगावर खरंच पिठाची जाहिरात उठायची का गं? हसली मेली. तिच्या घरात काय रेशमी चादरी होत्या? पण तिची मूठ झाकलेली. आमच्या घरात कवयित्री निघाली ना!"

मी हसले. तीही हसणार होती, तेवढ्यात टेबलावरची वही तिनं उचलली. कोटाची कविता वाचताना तिचा चेहरा असा झाला की मी हातातली ताटली खाली ठेवली.

"असा कोट नव्हता," ती म्हणाली.

"होता. मला आठवतोय."

"मी सांगते ना, नव्हता. बाकी काय घालायचं ते घाल. पोती घाल, बूट घाल, बाबांची दारू घाल. ही काढ."

"हॅनी, ही काढली तर पुस्तकच राहत नाही."

"मग नको राहू दे पुस्तक."

इतकं तोडून ती कधी बोलत नाही. विषय बदलावा म्हणून मी बिछान्याची कविता काढली. भिंतीकडं कोणीतरी झोपायचं, तिचे पाय बर्फासारखे गार असायचे आणि ती ते माझ्या पोटऱ्यांना लावायची, ती. म्हटलं, बघ, ही तर तुझ्यावरच आहे.

"माझ्यावर नाही. तू पाळण्यातून बिछान्यात आलीस तेव्हा मी कोव्हेंट्रीला गेलेले होते."

"मग मर्ट असेल." मर्ट म्हणजे आमचा भाऊ, आता बोस्टनला असतो.

"मर्ट खालच्या खोलीत बाबांजवळ झोपायचा. तू एकटी झोपायचीस." तिनं कोट चढवला, बटणं चुकीची लावली आणि गेली. कोबी तसाच शिजत राहिला.

२६ ऑक्टोबर

सकाळी चहाच्या आधी, डोळे धड उघडलेले नसताना, मी पेन्सिलीनं वहीत आयरिशमध्ये लिहिते. जुनी सवय. आज चहानंतर पाहिलं तर पानभर अक्षरांच्या डोक्यावर टिंबं.

पूर्वी आयरिशमध्ये अमुक अक्षर हलकं म्हणायचं असलं की वर टिंब द्यायचे. पुढं शाळांनी ते बंद करून शेजारी एच लिहायला लावलं. मी शाळेत गेले तेव्हा एचच होता. जन्मात मी टिंब दिलेलं नाही.

पेन्सिल बोथट झाली असणार. पण मग टिंबं बरोबर जागीच कशी पडली, हे मला विचारू नका. म्हणजे कोण विचारणार आहे म्हणा.

२८ ऑक्टोबर

शुद्धलेखन तपासून घ्यायला मास्तरांकडं गेले. ट्वोमी मास्तर त्र्याण्णव वर्षांचे आहेत. या भागातल्या तीन पिढ्यांना त्यांनी लिहायला शिकवलं, आणि तिघींच्याही चुका त्यांना पाठ आहेत. माझं प्रत्येक पुस्तक छापायच्या आधी त्यांच्या लाल शाईखालून जातं.

"ये, धाकटे गोबनित," दारातच म्हणाले. गावात मला हेच नाव, धाकटी गोबनित. आई म्हणते तसं गाव म्हणतं. शेंडेफळाला लाडानं म्हणतात तसं. तशी आमच्याकडं धाकटा-थोरला नावाला चिकटतो तो एका घरात एकाच नावाचे दोघे असले की. वरच्या आळीत थोरला डॅन आणि धाकटा डॅन होते, बाप आणि मुलगा. माझं मात्र लाडाचं.

मास्तरांनी पानं चष्म्याला टेकवून वाचली. मग वर पाहिलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मीच, मास्तर."

"थापा मारायचं वय गेलं तुझं, पोरी. टिंब या शाळेत चौसष्ट साली बंद झालं. मीच बंद केलं. तू आलीस एकाहत्तरला, नाक वाहत."

"झोपेत लिहिलं असेल. जुनी पुस्तकं वाचते ना मी."

"पुस्तकं वाचून हात बदलत नाही." त्यांचं बोट पानावरून फिरत होतं. "ही शेपटी बघ. जी या अक्षराची शेपटी डावीकडं नेऊन परत वर उचललेली, जशी काय मांजरीची. पट्टी मारली, कोपऱ्यात उभं केलं, ही खोड गेली नाही."

"माझी खोड होती ही?"

मास्तर खिडकीकडं पाहत राहिले. "तुझी नव्हे," म्हणाले. मग म्हणाले, "चहा निवतोय."

आज त्यांनी एकही चूक काढली नाही. निघताना म्हणाले, "आईला विचारलंय म्हणून सांग. दोघींनाही विचारलंय म्हण." हॅनी तर परवाच त्यांना सोडा ब्रेड देऊन आली होती. वय झालं, दुसरं काय.

२ नोव्हेंबर

आज मृतांचा दिवस. आदल्या रात्री घरची गेलेली माणसं परत येतात, असं आमच्याकडं मानतात. काल संध्याकाळी आईनं खुर्चीत बसूनच हुकूम सोडले. शेगडीत जळणाला टर्फच्या विटा भरून ठेव, दाराची कडी काढून ठेव, टेबलावर कप मांड. एक बाबांचा, एक आजीचा. मग म्हणाली, "तो छोटा पण."

कपाटात मागं एक इनॅमलचा मग निघाला, निळ्या काठाचा, एका बाजूला टवका उडालेला.

"हा कोणाचा गं?"

"गोबनितचा."

"माझा? मला आठवत नाही."

आईनं माझ्याकडं पाहिलं, आणि "त्यात दूध ओत. चहा तिला आवडत नाही," असं म्हणाली. मला चहा आवडत नाही! दिवसाला आठ कप पिते मी. एक्याण्णव वर्षांची आहे, कधी कधी गाडी रुळावरून घसरते, मी मनावर घेत नाही.

सकाळी पाहिलं तर बाबांचा आणि आजीचा कप भरलेला, तसाच. मगातलं दूध निम्म्यावर. मांजराचं काम. हॅनीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, मांजर मार्चमध्येच मेलं. मग दुसऱ्या कोणाचं तरी मांजर. दाराची कडी काढलेली होतीच.

५ नोव्हेंबर

कवितेत आज दोन ओळी नव्या आल्या. आल्या म्हणजे, वहीत होत्या.

कोणीतरी माझी बोटं मोजत होतं,
सातावर अडत होतं, परत एकपासून.

कुठून सुचलं देव जाणे, पण बरोबर बसतं. आईची वाट पाहताना पोर एकटी नाही, एवढं त्यानं होतं. टिंबं आहेतच. आता मी ती खोडत बसत नाही.

हॅनीला पानाचा फोटो काढून पाठवला. वर लिहिलं, "बघ, दिवसेंदिवस सुधारतेय. काढणार नाही." दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही. दुपारपर्यंत नाही, संध्याकाळीही नाही. आमची हॅनी, जी हवामानाच्या बातमीलासुद्धा उलट उत्तर देते.

८ नोव्हेंबर

क्रमानं लिहिते.

कोट होता याचा पुरावाच हॅनीच्या तोंडावर फेकावा म्हणून मी सकाळी घर उपसलं. लाल चिंधी, बटण, फोटो, काहीतरी. आईच्या पलंगाखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. त्यात बाबांचं जपमाळेचं पाकीट आणि गोबनितच्या मापाच्या दोन फिती. आमच्या संत गोबनितच्या दिवशी बायका तिच्या मूर्तीला लावून फीत मापून आणतात आणि घरात कोणी आजारी पडलं की त्याच्या अंगाला बांधतात. दोन्हींतली एक फीत अर्धी कापलेली होती. आणि सगळ्यात खाली चौघडी घातलेला एक लाल कागद.

लाल चिठ्ठी. ही चीज मी ऐकून होते. गरिबाला डॉक्टर फुकट घरी यायला हवा असला तर गावातल्या नेमलेल्या माणसाकडं जाऊन लाल चिठ्ठी मागावी लागायची. आमच्याकडं तो माणूस म्हणजे दुकानदार. मी पाच वर्षांची असताना ही पद्धत गेली. चिठ्ठीवर नाव होतं, गोबनित. वय सात. तारखेवर घडी पडून शाई गेलेली.

मी सात वर्षांची असताना चिठ्ठ्याच नव्हत्या. मी तशीच कागद घेऊन आईपुढं जाऊन उभी राहिले.

"आई, हे काय आहे?"

आईनं हात पुढं केला. कागद उघडला नाही, नुसता तळहातावर धरला.

"तिचीच आहे," म्हणाली. "थोरल्या गोबनितची."

मी खाली बसले. तिथंच, जमिनीवर.

"बासष्ट साल. पोरांना ताप येतोच गं, मी म्हटलं उतरेल. संध्याकाळी मान वळवेना ती. फीत बांधली गळ्यात. तुझे बाबा म्हणाले, त्या माणसापुढं टोपी काढून मी उभा राहणार नाही. मी म्हटलं, बरं, सकाळी मी जाते. एक रात्र थांबले मी. एक रात्र." आई असं सांगत होती की जणू आत्ताच दारातून आलीये. "सकाळी गेले तर तो मिसाला गेलेला. दारात उभी राहिले पावसात. आला, आधी न्याहारीला बसला. अंड्याचा वास बाहेर यायचा. मग लिहिली चिठ्ठी. टेकडीवरून धावत आले मी. सायकल घरी होती, तुझ्या बाबांनी चिठ्ठी घेऊन डॉक्टरकडं पळायचं होतं. दारातनंच हात वर करून ओरडले, मिळाली गं, मिळाली!"

"मग?"

"मग काय. वापरायची वेळच आली नाही."

आईनं कागद मांडीवर ठेवला.

"तू झालीस, तेव्हा तेच नाव ठेवलं. तुझे बाबा म्हणाले, तिच्याबद्दल या घरात बोलायचं नाही. मीही नाही बोलले. थडग्याच्या दगडावर नाव घालायला पैसे कुठून आणायचे होते? सगळ्या गावाला ठाऊक. मला वाटायचं, तुलाही कोणी सांगितलं असेल." मग आईनं माझ्या केसांवर हात ठेवला. "तिनं पाहिलं का गं मला? दारात आले ते? हॅनी होती तिच्याजवळ. साठ वर्षं विचारतेय हॅनीला. म्हणते, आई, आता झोप."

कविता माझ्या स्वेटरच्या खिशात होती. भेकडासारखी उठले आणि भांडी घासायला गेले.

आत्ता हे लिहिताना मला रडू येतंय, आणि ते तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे. लाज वाटते, पण आहे ते आहे. आख्ख्या लहानपणात मला मिळालेली एकच गोष्ट होती, तीही माझी नव्हती. नाव तिचं उतरलेलं, तो दुधाचा मग उतरलेला, बिछाना उतरलेला, आणि आता ही आठवणसुद्धा. मग माझं असं काय होतं?

पाळण्यात असताना कानावर पडलं असणार. मोठी माणसं लहान मुलांसमोर बोलतात, त्यांना वाटतं कळत नाही. हॅनीनं नाही तर मर्टनं. तसंच असणार.

९ नोव्हेंबर

हॅनी आली ती कोट न काढताच माझ्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं.

"बोटांचं तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"खोटं बोलू नकोस, गोबनित. मी फादरला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही. आठ वर्षांची होते मी. बाबा बाहेर सायकलीत हवा भरत होते. मला म्हणाले, तिला झोपू देऊ नकोस. म्हणून मी तिची बोटं मोजत होते, मोठ्यानं. सात झाले की मला पुढं जाताच येईना. तिला सातच वर्षं झालेली ना. वाटायचं, आठ म्हटलं तर काहीतरी होईल. परत एक. परत एक." तिनं स्वतःची बोटं धरून ठेवली होती. "आणि ते तळं! आई दारात वाकली तेव्हा तिच्या रुमालातून पाणी सांडलं. मी खाली बसले होते, मला नुसती धार दिसली. पाणी रुमालावर साठलंय हे खालून दिसणारच नाही कोणाला."

मला फिडेल्माचा प्रश्न आठवला. मी तो हॅनीला सांगितला नाही.

"मग तिनं पाहिलं," मी म्हटलं. "आईला सांगून टाक ना. साठ वर्षं विचारतेय ती."

"काय सांगू?" हॅनी एकदम ओरडली, आणि मग आवाज खाली आणून, "आई यायच्या आधीच गेली होती ती. मी सहा म्हटलं तेव्हा होती, सात म्हटलं तेव्हा नव्हती. आई टेकडीवर असेल तेव्हा. डोळे उघडे राहिले, म्हणून आईला वाटलं... मी मोजतच राहिले, थांबले असते तर कळलं असतं सगळ्यांना. हे सांगू आईला? आणि तू लिहितेस, तिला लाल दिसलं. कोणाला दिसलं? सांग ना, कोणाला?"

आम्ही दोघी बिछान्यावर कडेला बसलो होतो. भिंतीकडं कोणीच सरकलं नाही.

"म्हणून म्हणते, ही काढ," हॅनी म्हणाली. "आईच्या कानावर हे खोटं गेलं, तर ती खरं धरून बसेल."

मी म्हटलं, "तळं खोटं आहे का? बोटं खोटी आहेत का?"

ती उठली आणि दार उघडून निघून गेली.

१० नोव्हेंबर

सकाळी चहा झाल्यावर मी आईपुढं कविता वाचली. हॅनीला आधी सांगितलं होतं. ती दाराशी उभी होती, अडवायला की ऐकायला, मला अजून कळलेलं नाही.

आईनं डोळे मिटले. मी वाचलं. पाऊस आत आला, मग आई. तळं. बोटं. वर केलेला हात, हातात लाल कोट, आणि ते माझं.

"परत वाच."

परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी ओठ माझ्याबरोबर हलत होते.

"लाल दिसलं तिला," आई म्हणाली.

मी हॅनीकडं पाहिलं. हॅनी जमिनीकडं पाहत होती.

"हो, आई," हॅनीच म्हणाली. "दिसलं तिला."

आईनं सोडलेला तो श्वास मी कधी विसरणार नाही. मला वाटलं तिला काही झालं. मग तिनं हात लांब करून हॅनीचा हात घेतला आणि म्हणाली, "हिला एकटीलाच ठेवून गेले होते मी, एवढ्याशा पोरीला." हॅनी म्हणाली, "टर्फ आणते," आणि बाहेर गेली. दहा मिनिटांनी आली ती रिकाम्या हातांनी.

मला मात्र अजून एक काम वाटत होतं. मी म्हटलं, "आई, मी इथं चुकलेय. कोट नव्हता, चिठ्ठी होती. पाठवायच्या आधी दुरुस्त करते. कोट खोडते आणि चिठ्ठी घालते."

आईनं डोळे उघडले. "खबरदार!" असा आवाज मी तिचा वीस वर्षांत ऐकला नव्हता.

"अगं, पण खरं ते..."

"खरं काय मला शिकवतेस? मी कबूल केलं होतं तिला. पायांना गरम विटा लावत होते आणि सांगत होते, बोस्टनच्या मावशीचं पार्सल आलं की लाल कोट तुझा. फक्त तुझा, हॅनीचा उतरलेला नाही. पार्सल आलंच नाही त्या वर्षी." तिनं चिठ्ठीची घडी मुठीत दाबली. "तिला कोट वाटला ना? मग कोट. कोटच राहू दे."

राहू दिला. दुपारी फिडेल्माला पाठवली. तिचा लगेच निरोप आला, "आता बरोबर. पण छताचं काय ते ठरवलंस का?" मी लिहिलं, ठरवलं, तसंच राहील.

११ फेब्रुवारी

संत गोबनितचा दिवस. शनिवार-रविवारसाठी घरी आलेय. छपाईची शेवटची पानं बरोबर आणली होती, मास्तरांना दाखवली. त्यांनी कोटाची कविता वाचली, लाल पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "हिला आता कोण दुरुस्त करणार." मुखपृष्ठावर नुसतं गोबनित आहे. धाकटी-थोरली काही नाही. मीच तसं सांगितलं. निम्मं तिचं, निम्मं माझं, आणि कुठलं निम्मं कोणाचं ते मी आता विचारत नाही.

वहीत त्यानंतर टिंबं आली नाहीत. एकदा मुद्दाम देऊन पाहिलं. वाकडं पडलं. माझ्या हाताला ते जमत नाही.

आई वॉकर धरून चालते आता, अंगणापर्यंत. हॅनी सकाळीच मूर्तीकडं जाऊन फिती मापून आली. तीन आणल्या. मी म्हटलं, आई, तू आणि मी, झाल्या तीन. हॅनी म्हणाली, "मला नको. तरी तीनच लागतात." बास, एवढंच म्हणाली आणि बटाटे सोलायला बसली.

आज उठल्यावर अंथरूण आवरत होते. चादर खोचताना भिंतीकडच्या बाजूला हात गेला. ऊबदार होती.